गावाचे आरोग्य गावाच्या हाती

ताप आला की आपण डॉक्टरांकडे जातो. पण ज्या गावात डॉक्टर नाही, पक्का रस्ता नाही, पिण्यासाठी स्वच्छ पाणी नाही, तेथील लोकांनी काय करावे? डॉ. मेबल आरोळे यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आपले आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म 1935 साली जबलपूर येथे झाला. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. 1960 मध्ये त्यांचा विवाह डॉ. रजनीकांत आरोळे यांच्याशी झाला. खेड्यातील गरिबांची सेवा करायची, असा दोघांचा निश्चय होता.

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील वडाळा येथील रुग्णालयात ते काम करू लागले. बरी होऊन घरी गेलेली मुले काही दिवसांनी त्याच आजाराने पुन्हा दवाखान्यात येत. त्यांच्या आजाराचे मूळ घाण पाणी, अपुरे अन्न आणि अज्ञान यांत होते. ते केवळ औषधाने कसे जाणार?

पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून दोघे परतले. 1970 मध्ये त्यांनी त्याच जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी भागात काम सुरू केले. सुरुवातीला जनावरांचा जुना दवाखाना हेच त्यांचे रुग्णालय होते.

खेड्यात राहायला शिकलेल्या परिचारिका तयार होईनात. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी, असे ठरले. निवडलेल्या बहुतेक स्त्रिया निरक्षर होत्या. अनेक जणी दलित होत्या. 'आम्हाला हे कसे जमेल?' अशी भीती त्यांना वाटे. मेबलताईंनी त्यांना धीर दिला. प्रशिक्षणाला आलेल्या सर्व जातींच्या स्त्रिया एकत्र जेवत, एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. तेथे आजाराबरोबर शिवाशिवही दूर होऊ लागली.

या स्त्रिया गावात परतून बाळांचे वजन करीत, गरोदर स्त्रियांची काळजी घेत. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, हे त्या आईला शिकवीत. गावोगावी शेतकरी मंडळे आणि महिला मंडळेही कामाला लागली. हातपंप दलित वस्तीत बसवले गेले. मग सारे गाव तेथे पाण्याला येऊ लागले.

काम सुरू झाले तेव्हा जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी 176 बालके वर्षाच्या आतच दगावत. 1990 नंतरच्या काही वर्षांत हे प्रमाण तिसाच्या खाली आले.

1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1999 मध्ये मेबलताईंचे निधन झाले.

आज तुमच्या वस्तीतही आशाताई येत असतील. त्या लहान बाळांची आणि त्यांच्या आईची विचारपूस करतात. त्यांचे बोलणे लक्ष देऊन ऐका आणि घरातील मोठ्या माणसांनाही सांगा. आरोग्य राखणे हे एकट्या डॉक्टरचे काम नाही. त्यात तुमचाही वाटा आहे.