धुराला लगाम घालणारा शर्यतवेडा

गेल्या थंडीत एका रात्री जानेफळच्या आमच्या सरकारी दवाखान्यात पंचविशीतला एक तरुण आला. डोके ठणकत होते, मळमळत होते, उभे राहिले की भोवळ येत होती. थंडी म्हणून शटर ओढून घेऊन तो तासभर गाडीचे इंजिन चालू ठेवून काम करत होता. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ९८. सोबत आलेल्यांना हायसे वाटले; पित्त झाले असेल अशी त्यांची समजूत झाली. पण कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत हा आकडा फसवतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि साध्या ऑक्सिमीटरला या दोहोंतला फरक कळत नाही. मास्क लावून भरपूर ऑक्सिजन दिला. पहाटेपर्यंत तो सावरला.

नंतर कळले, की ती टर्बो गाडी मित्राला ट्रॅकवर पळवायची होती. म्हणून धुराच्या पाइपातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मेकॅनिक ज्याला नुसते ‘कॅट’ म्हणतात तो, काढून तिथे सरळ पाइप बसवला होता. त्या रात्री मला युजीन हुड्री आठवले. हा कन्व्हर्टर मोटारीसाठी घडवणारा माणूस स्वतः शर्यतीच्या गाड्यांचा वेडा होता.

हुड्री यांचा जन्म १८ एप्रिल १८९२ रोजी पॅरिसजवळच्या दोमाँ गावी झाला. वडिलांचा पोलादी बांधकामाचा मोठा व्यवसाय होता. मुलगा यंत्र अभियांत्रिकी शिकला आणि १९११ मध्ये वर्गात पहिला येऊन बाहेर पडला. फुटबॉलमध्येही तो तितकाच तरबेज होता. वडिलांच्या व्यवसायात जम बसतो न बसतो तोच पहिले महायुद्ध आले. हुड्री फ्रान्सच्या नव्या रणगाडा दलात गेले. १९१७ मध्ये ज्युव्हँकूरच्या लढाईत ते गंभीर जखमी झाले. भर गोळीबारात बंद पडलेल्या रणगाड्यांच्या दुरुस्तीची व्यवस्था लावल्याबद्दल त्यांना शौर्यपदक मिळाले.

युद्धानंतर त्यांना मोटारशर्यतींचे वेड लागले. त्यांच्याकडे बुगाटी होती. १९२२ मध्ये ते अमेरिकेला गेले, डेट्रॉइटला फोर्डचा कारखाना पाहिला आणि इंडियानापोलिसची ५०० मैलांची प्रसिद्ध शर्यतही पाहिली. इंजिने दिवसेंदिवस ताकदवान होत होती, पण त्यांच्या तोडीचे पेट्रोल मिळत नव्हते. हलक्या पेट्रोलवर इंजिन ठोके मारी आणि वेग तिथेच अडे. वेगाचे कोडे इंधनात आहे हे हुड्री यांच्या मनाने घेतले आणि पोलादाचा व्यवसाय सोडून ते रसायनाच्या मागे लागले.

फ्रान्समध्ये खनिज तेल जवळपास नाही. म्हणून त्यांनी आधी लिग्नाइट, म्हणजे हलक्या प्रतीच्या कोळशापासून पेट्रोल करण्याचा प्रयोग केला. १९२९ मध्ये रोज ६० टन लिग्नाइट घेणारा कारखाना उभा राहिला, पण खर्चाचा मेळ बसला नाही, सरकारी मदत थांबली आणि तो बंद पडला. तोवर हुड्री यांच्या हाती दुसरा धागा आला होता. सिलिका आणि ॲल्युमिना असलेल्या मातीसारख्या पदार्थावरून जड तेलाची वाफ नेली, की तिचे मोठे रेणू तुटून उत्तम पेट्रोल मिळते. अडचण एवढीच, की त्या पदार्थावर थोड्याच वेळात काजळी धरते आणि तो मंदावतो. हवा सोडून काजळी जाळून टाकायची आणि तोच पदार्थ पुन्हा वापरायचा, ही हुड्री यांची युक्ती. असा स्वतः न संपता दुसऱ्यांची क्रिया घडवून आणणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. आपल्या शरीरातली विकरे हेच काम करतात.

१९३० मध्ये एका तेलकंपनीच्या बोलावण्यावरून ते अमेरिकेला गेले. १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मार्कस हुक येथे सन ऑइल कंपनीचा मोठा प्रकल्प त्यांच्या पद्धतीने सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या विमानांना लागणारे उच्च प्रतीचे पेट्रोल बनवण्यात या पद्धतीचा मोठा वाटा होता. जर्मनीपुढे मान तुकवणाऱ्या व्हिशी सरकारचा हुड्री यांनी अमेरिकेतून उघड निषेध केला, तेव्हा त्या सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. १९४२ मध्ये ते अमेरिकन नागरिक झाले.

त्यांच्या आयुष्याचे शेवटचे पर्व मला डॉक्टर म्हणून सर्वांत मोलाचे वाटते. १९४३ पासून लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारे धुरके उतरू लागले होते. ते मुख्यतः मोटारींच्या धुरातून बनते, हे पुढे स्पष्ट झाले. फुप्फुसांचे रोग आणि धूर यांचा संबंध हुड्री यांना अस्वस्थ करू लागला. ज्या माणसाने जगाला मुबलक पेट्रोल दिले, त्यानेच साठीच्या उंबरठ्यावर ‘ऑक्सी-कॅटॅलिस्ट’ नावाची नवी कंपनी काढली आणि धूर बाहेर पडण्याआधी पाइपातच शुद्ध करायचे ठरवले. १९५६ मध्ये त्यांना मोटारीच्या कन्व्हर्टरचे पेटंट मिळाले.

पण त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत. शिशाचा थर बसला की उत्प्रेरक निकामी होई. त्यामुळे मोटारींत तो चालला नाही. १८ जुलै १९६२ रोजी हुड्री वारले, तेव्हा त्यांचे स्वप्न अर्धेच राहिले होते. पुढे अमेरिकेत कायदे कडक झाले, शिसेविरहित पेट्रोल आले आणि १९७५ पासून तिथल्या नव्या गाड्यांत कन्व्हर्टर दिसू लागला. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. लहान मुलांच्या मेंदूला घातक असलेले शिसे हवेतून हटले, हा त्यातला दुहेरी लाभ.

आजचा पेट्रोल गाडीचा कन्व्हर्टर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा असतो. त्याच्या बारीक नळ्यांना प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ लेप असतो. साधारण २५० ते ३०० अंश तापला की तो कामाला लागतो. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड व पाणी होते आणि नायट्रोजनचे ऑक्साइड पुन्हा साध्या नायट्रोजनमध्ये बदलतात. टर्बो गाडीत तो बहुधा टर्बाइनच्या लगेच पुढे असतो. तिथे धुराला थोडा अडथळा होतो, म्हणून तो काढला की टर्बो लवकर फिरतो आणि ताकद वाढते, हे खरे आहे. पण मग ते सगळे वायू जसेच्या तसे बाहेर पडतात. आणि ट्रॅकसाठी बदललेली गाडी एरवी मेहकरच्या बाजारातून, शाळेसमोरून आणि समृद्धी महामार्गावरूनच फिरते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार रस्त्यावरच्या गाडीत असा फेरफार करता येत नाही. ज्याला खरोखर शर्यत करायची आहे, त्याने केवळ ट्रॅकसाठी वेगळी गाडी ठेवावी, ती ट्रेलरवरून न्यावी किंवा कमी अडथळ्याचा चांगला कन्व्हर्टर असलेल्या वर्गात उतरावे.

गॅरेजवाल्यांना आणि घरच्यांना एवढेच सांगणे. कन्व्हर्टर असो वा नसो, बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका. थंड इंजिन सुरू होताना कन्व्हर्टरही जागा झालेला नसतो. डोके दुखू लागले, मळमळले, एकाच जागी दोघातिघांना एकदम तसे होऊ लागले तर आधी मोकळ्या हवेत या आणि लगेच दवाखाना गाठा. इंजिन चालू होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ऑक्सिमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. साध्या हवेत या वायूचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात येते.

तो तरुण महिन्याने भेटायला आला होता. शटर आता उघडे ठेवतो आणि मित्राच्या गाडीला कॅट पुन्हा बसवला, असे त्याने आपणहून सांगितले.