दीनांचे सेवक संत जोसेफ वाझ

ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं आपण देवळाच्या उभारणीचें कौतुकानें स्मरण करितों. परंतु ज्या सेवेकरितां देऊळ उभें राहतें, तिचें स्मरण न झाल्यास उत्सव अपुरा राहील. म्हणून कोल्हापुराहून घाट उतरतांच लागणाऱ्या गोमंतकांतील एका थोर धर्मगुरूचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं सासष्टींतील बाणावली येथें, आजोळीं झाला. घराणें सांकवाळचें, ब्राह्मणवंशीय व प्रतिष्ठित. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली, व पुढच्याच वर्षीं त्यांनीं पवित्र मरियेचें आजन्म दास्य पत्करिल्याचें पत्र लिहून दिलें. हें दास्य कागदावरच राहिलें नाहीं.

त्या काळीं लंकेच्या किनाऱ्यावर डचांचा अंमल असून कॅथॉलिक धर्मगुरूंस तेथें मज्जाव होता. सुमारें तीस वर्षें तेथील भाविक संस्कारांस पारखे झाले होते. १६८७ सालीं फादर वाझ मजुराच्या वेषांत, अनवाणी, जाफन्यास पोंचले. गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत, आणि ती माळ पाहून ज्याचा चेहरा उजळे तें घर आपलें, असें ओळखीत. कुलीन घरच्या पुत्रानें हातीं भिक्षापात्र धरावें, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती.

१६९२ सालीं कँडीच्या राज्यांत शिरतांच पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांस कैद झाली. बंदिवासांत त्यांनीं सिंहली भाषा आत्मसात केली.

खरी कसोटी १६९७ सालीं आली. कँडींत देवीची सांथ पसरली. लोक शहर सोडून पळाले. रोग्यांस आप्तांनींही रानांत टाकून दिलें. फादर वाझ व त्यांचे भाचे फादर कार्व्हाल्यू मात्र हलले नाहींत. त्यांनीं रोग्यांकरितां झोंपड्या उभारिल्या, जखमा धुतल्या, पेज पाजली, मृतांस मूठमाती दिली. रोगी ख्रिस्ती कीं बौद्ध, हें त्यांनीं विचारिलें नाहीं. व्याख्यानांनीं जें साधलें नसतें तें ह्या सेवेनें साधलें. राजाचा उरलासुरला संशय फिटला व धर्मकार्यास मोकळीक मिळाली.

पुढें बिशपपद देऊं केलें असतां त्यांनीं तें नम्रपणें नाकारिलें. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथेंच त्यांचा देह पडला. १९९५ सालीं ते धन्यवादित झाले, व १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यांस संतपद दिलें.

वाचकहो, सेवाधर्म केवळ वेदीपाशीं घडतो असें नव्हे. दवाखान्यांत परक्या रोग्याच्या उशाशीं रात्र जागणारा, शेजारच्या वृद्धेस पाणी भरून देणारी, पहाटे देवळाचें अंगण झाडणारा, हे सर्व त्याच मार्गाचे वाटसरू होत. पुढील ज्युबिलीच्या वेळीं आपल्या धर्मग्रामाविषयीं भिंतींपेक्षां अशा सेवकांचाच हिशेब अधिक मोठा निघो, हीच प्रभूचरणीं आमची प्रार्थना.