सी महमूदचा मुक्काम

प्रवासाला निघालेल्या माणसाला आधी भाकरीची चिंता आणि मग पाठ टेकण्याची. त्यातून प्रवासी एकटी स्त्री असली की दुसरी चिंताच पहिली होऊन बसते. सव्वाशे वर्षांपूर्वी अल्जीरियाच्या वाळवंटात इसाबेल एबरहार्ट हिने ही चिंता कशी निवारली, ते वाचून मी थक्क झाले.

तिचा जन्म 17 फेब्रुवारी 1877 चा, जिनिव्हाचा. आई एका रशियन सेनापतीची पत्नी. पण नवऱ्याला सोडून ती मुलांच्या शिक्षकाबरोबर राहत होती. हे त्रोफिमोव्स्की पूर्वीचे धर्मोपदेशक, नंतर अराजकवादी. तेच इसाबेलचे वडील असावेत, असे बहुतेक चरित्रकार मानतात. तिला त्यांनी घरीच शिकवले. भाषा शिकवल्या, त्यांत अरबीही होती. मुलाचे कपडे घालून बागेत कष्टाची कामे करण्याची सवयही त्यांनीच लावली. पुढे हे शिक्षण फार कामाला आले.

1897 साली मायलेकी अल्जीरियातील बोन (आजचे अन्नाबा) येथे गेल्या. प्रथम युरोपियन वस्तीत उतरल्या. पण अरबांशी मिसळणे तेथल्या मंडळींना रुचेना, म्हणून अरब वस्तीत घर घेतले. दोघींनी इस्लाम स्वीकारला. त्याच वर्षी आई वारली, आणि 1899 मध्ये त्रोफिमोव्स्कीही गेले. बाविसाव्या वर्षी इसाबेलला परतायला घर उरले नाही.

मग तिने अरब पुरुषाचा वेष घेतला, सी महमूद सादी हे नाव घेतले आणि घोड्यावरून दक्षिणेची वाट धरली. बिस्क्रापर्यंत फ्रेंचांची रेल्वे होती, हॉटेलेही होती. त्यापुढे लष्करी ठाणी, कारवाँसराई, नाहीतर कुणाचा तरी तंबू. ठाण्यावर परवाना दाखवावा लागे आणि अधिकाऱ्यांच्या संशयी नजरा सोसाव्या लागत. कधी कॉफीच्या दुकानातील चटईवर रात्र निघे.

खरा आधार होता तो झावियांचा. झाविया म्हणजे सूफी पंथाचा मठ. तेथे साधकांची राहण्याची सोय, कुराणाची शाळा, पंथाच्या संताची कबर आणि वाटसरूला जेवण व निवारा. खर्च भक्तांच्या दानातून चाले. आपल्याकडच्या वारीच्या वाटेवरील धर्मशाळा आठवाव्यात, पण झावियाचा अधिकार त्याहून पुष्कळ मोठा. 1900 साली एल वेद येथे इसाबेल कादिरिया पंथात दाखल झाली. त्यामुळे त्या पंथाची दारे तिला उघडी झाली. हा पुरुष नव्हे, हे पुष्कळांना कळत असे. पण पाहुण्याने जे नाव सांगितले तेच खरे धरायचे, ही तेथली रीत. आमच्या तालुक्याच्या गावी शिकायला आलेल्या मुलीला खोली देताना घरमालक तिची सात पिढ्यांची चौकशी करतो. ती मी सोसली आहे, म्हणून मला ही रीत फार मोठी वाटते.

अर्थात पंथाचे नाते जोडले की पंथाचे वैरही पदरात पडते. 29 जानेवारी 1901 रोजी बेहिमा गावी एका घरात बसून ती कुणाचे पत्र समजावून देत असता, विरोधी पंथातील एकाने तिच्यावर तलवार चालवली. डोक्यावरच्या तारेमुळे घाव चुकला. डावा हात मात्र जबर जखमी झाला. खटल्यात तिने हल्लेखोरासाठी दयेची याचना केली आणि पुढे त्याची शिक्षा कमी झाली. तिला स्वतःला मात्र फ्रेंच सरकारने अल्जीरियातून हद्दपार केले! ऑक्टोबर 1901 मध्ये मार्सेय येथे स्लिमान एहन्नी या अरब घोडेस्वार सैनिकाशी विवाह झाला. तो फ्रेंच नागरिक असल्याने तीही फ्रेंच झाली आणि मगच तिला परतता आले.

पुढे बूसाआदाजवळील एल हामेलच्या झावियात ती गेली. तिची प्रमुख एक स्त्रीच होती, लल्ला झैनब. फ्रेंचांचा पाठिंबा चुलतभावाला असताना वडिलांची गादी तिने राखली होती. 1904 च्या उन्हाळ्यात मोरोक्कोच्या सीमेवरील केनादसाच्या झावियात इसाबेल राहिली. तेथे आसरा होता, पण प्रमुखांच्या परवानगीवाचून बाहेर पडता येत नसे. भटक्या जिवाला हे जड गेले असणार; तरी तिचे उत्तम लेखन तेथल्या दिवसांचेच आहे.

हिवतापाने खंगून ती ऐन सेफ्राच्या लष्करी इस्पितळात आली. बरे वाटताच बाहेर पडून ओढ्याकाठच्या भाड्याच्या मातीच्या घरात नवऱ्यापाशी गेली. दुसऱ्याच दिवशी, 21 ऑक्टोबर 1904 रोजी, एरवी कोरड्या असणाऱ्या त्या ओढ्याला अचानक पूर आला. स्लिमान वाचला. ती घराच्या ढिगाऱ्याखाली सापडली. वय 27.

सेनाधिकारी ल्योते यांनी तिचा मुस्लिम पद्धतीने दफनविधी करविला आणि चिखलातून तिची हस्तलिखिते शोधून काढविली. संपादक बारुकाँ यांनी ती 1906 मध्ये छापली, पण मजकुरात स्वतःची भर घालून. तिचे कोणते आणि त्यांचे कोणते, हे निवडीत अभ्यासकांना पुढे बरीच वर्षे बसावे लागले.