इम्फाळ-कोहिमाचे सेनापती : फील्ड मार्शल विल्यम स्लिम

दुसऱ्या महायुद्धाची दिशा बदलणाऱ्या लढायांचा उल्लेख झाला की स्टालिनग्राड, एल अलामीन आणि मिडवे ही नावे प्रथम घेतली जातात. भारताच्या ईशान्य सीमेवर १९४४ साली झालेल्या इम्फाळ आणि कोहिमा येथील लढाया त्याच तोलाच्या होत्या. जपानच्या भूसेनेला तोपर्यंत पत्करावा लागलेला सर्वांत मोठा पराभव येथेच झाला. या लढाया जिंकणाऱ्या चौदाव्या सेनेचे सेनापती होते विल्यम जोसेफ स्लिम.

स्लिम यांचा जन्म ६ ऑगस्ट १८९१ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळ झाला. वडील लोखंडी सामानाचे व्यापारी होते. पुढे हे कुटुंब बर्मिंगहॅमला आले. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयाचा खर्च परवडणारा नव्हता. तरुण स्लिम यांनी काही काळ प्राथमिक शाळेत शिकवले आणि नंतर एका धातुनळ्यांच्या कंपनीत कारकुनी केली. मात्र सैन्याची ओढ कायम होती. विद्यापीठाचे विद्यार्थी नसतानाही १९१२ मध्ये त्यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या अधिकारी प्रशिक्षण दलात प्रवेश मिळवला. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच ते रॉयल वॉरविकशर रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले.

गॅलिपोलीच्या रणांगणावर १९१५ साली ते गंभीर जखमी झाले. तेथेच गुरखा सैनिकांचा पराक्रम त्यांना जवळून पाहता आला आणि त्यातून भारतीय सेनेविषयीची त्यांची ओढ वाढली. मेसोपोटेमियात ते पुन्हा जखमी झाले आणि मिलिटरी क्रॉस या पदकाचे मानकरी ठरले. युद्ध संपल्यावर त्यांनी भारतीय सेनेत बदली करून घेतली आणि सहाव्या गुरखा रायफल्समध्ये रुजू झाले. उर्दू आणि गुरखाली या भाषा त्यांनी आत्मसात केल्या. सैनिकांशी त्यांच्याच भाषेत बोलण्याची ही सवय पुढे त्यांच्या नेतृत्वाचे मोठे बळ ठरली. पगार अपुरा पडत असल्याने अँथनी मिल्स या टोपणनावाने ते नियतकालिकांत कथाही लिहीत. १९३९ मध्ये बेळगाव येथील वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण विद्यालयाचे ते प्रमुख होते.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांच्याकडे दहाव्या भारतीय ब्रिगेडचे नेतृत्व आले. सुदानच्या सीमेवरील गॅलाबात येथे नोव्हेंबर १९४० मध्ये त्यांचा हल्ला अपयशी ठरला. त्यानंतर एरिट्रियात ते जखमी झाले. १९४१ मध्ये इराक, सीरिया आणि इराणमधील मोहिमांत त्यांनी दहाव्या भारतीय डिव्हिजनचे नेतृत्व केले.

मार्च १९४२ मध्ये त्यांना ब्रह्मदेशात पाठविण्यात आले, तेव्हा रंगून जपानच्या हाती पडले होते. तेथील कोरचे प्रमुख म्हणून त्यांच्या वाट्याला आली ती माघार. येनांगयाँग येथील तेलविहिरी शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून नष्ट कराव्या लागल्या. सुमारे ९०० मैलांची वाटचाल करून हे सैन्य मे १९४२ मध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, मणिपूरमध्ये पोहोचले. सैनिक उपाशी, आजारी आणि फाटक्या कपड्यांत होते. परंतु त्यांची शस्त्रे त्यांच्याजवळ होती आणि पलटणी मोडलेल्या नव्हत्या. याच काळात ब्रह्मदेशात स्थायिक झालेले लाखो भारतीयही जंगलवाटांनी मायदेशाकडे निघाले होते.

ऑक्टोबर १९४३ मध्ये स्लिम नव्याने स्थापन झालेल्या चौदाव्या सेनेचे सेनापती झाले. या सेनेत भारतीय सैनिक बहुसंख्य होते. त्यांच्या बरोबरीने ब्रिटिश, नेपाळी गुरखे आणि आफ्रिकी सैनिकही लढत होते. युरोपातील युद्धाला प्राधान्य असल्याने या आघाडीला साधनसामग्री सर्वांत शेवटी मिळे. त्यामुळे ही सेना विस्मृत सेना म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचा पहिला शत्रू होता मलेरिया. १९४३ मध्ये जखमी होऊन माघारी न्याव्या लागणाऱ्या एका सैनिकामागे आजारामुळे न्यावे लागणारे १२० सैनिक होते. मेपाक्रिनच्या गोळ्या रोज घेतल्याच पाहिजेत, असा दंडक स्लिम यांनी घातला. आपल्या पलटणीत तो न पाळणाऱ्या तीन अधिकाऱ्यांना त्यांनी पदावरून दूर केले. आघाडीजवळच उपचार केंद्रे उभारण्यात आली. विमानातून रसद टाकण्यासाठी रेशमी हवाई छत्र्या पुरेशा मिळेनात, तेव्हा बंगालमधील तागाच्या स्वस्त छत्र्या बनवून घेण्यात आल्या.

जपानी सैन्याने वेढले तर मागे न हटता जागेवरच टिकून राहायचे आणि विमानांनी रसद पुरवायची, हा त्यांच्या नव्या युद्धतंत्राचा गाभा होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये अराकानमध्ये या तंत्राची पहिली कसोटी लागली आणि ते यशस्वी ठरले.

मार्च १९४४ मध्ये लेफ्टनंट जनरल मुतागुची यांच्या पंधराव्या जपानी सेनेने तीन डिव्हिजन्ससह मणिपूरवर चढाई केली. शत्रूला इम्फाळच्या पठारापर्यंत येऊ द्यायचे आणि त्याची रसदवाट लांबल्यावर त्याला तेथेच गाठायचे, अशी स्लिम यांची योजना होती. मात्र दोन बाबतींत त्यांचा अंदाज चुकला. सीमेपलीकडे असलेल्या सतराव्या डिव्हिजनला माघारीची आज्ञा देण्यास उशीर झाला आणि तिला लढत वाट काढावी लागली. कोहिमाच्या दिशेने फार तर एक रेजिमेंट येईल, असे त्यांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात जवळजवळ संपूर्ण एकतिसावी डिव्हिजन तेथे चालून आली. पुढे आपल्या ग्रंथात त्यांनी या चुका मोकळेपणाने मान्य केल्या.

या चुकांची किंमत मोठी ठरली असती. ती टळली याचे एक कारण होते सांगशाकची झुंज. २२ ते २६ मार्च या काळात या लहानशा नागा गावात पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने शत्रूला रोखून धरले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन या लढाईत होती. या मिळालेल्या दिवसांत पाचवी भारतीय डिव्हिजन अराकानहून विमानांनी मणिपूर आणि दिमापूरकडे हलविण्यात आली. त्यासाठी चीनकडे रसद नेणारी अमेरिकी विमाने लॉर्ड माउंटबॅटन यांनी वळवून घेतली.

कोहिमाला एप्रिलच्या प्रारंभी वेढा पडला. सुमारे दीड हजार लढवय्यांच्या शिबंदीने दोन आठवडे एका संपूर्ण डिव्हिजनचे हल्ले परतवले. उपायुक्तांच्या बंगल्याजवळील टेनिस मैदानाच्या दोन बाजूंना दोन्ही सैन्ये समोरासमोर ठाण मांडून होती. इम्फाळभोवतीच्या टेकड्यांवर जमादार अब्दुल हफीज यांनी ६ एप्रिल रोजी प्राणांचे मोल देऊन एक मोक्याची जागा परत मिळवली. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. अखेर २२ जून रोजी इम्फाळ-कोहिमा रस्ता मोकळा झाला. जपानी सैन्याची सुमारे ५५ हजारांची हानी झाली. त्यांपैकी अनेकांचा बळी उपासमारीने आणि रोगराईने घेतला.

भारतीयांसाठी या लढाईला आणखी एक पैलू आहे. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद फौजेचे जवान जपानी सैन्याच्या बाजूने लढत होते. इम्फाळजवळील मोइरांग येथे १४ एप्रिल १९४४ रोजी कर्नल शौकत मलिक यांनी फौजेचा तिरंगा फडकवला. एका बाजूला देशाच्या स्वातंत्र्यासाठी शस्त्र उचललेले भारतीय होते, तर दुसऱ्या बाजूला पलटणीच्या इमानाला जागणारे भारतीय. या दोघांचेही रक्त एकाच डोंगररांगांत सांडले. मणिपुरी आणि नागा जनतेच्या गावांची व शेतीची अपरिमित हानी झाली, ती वेगळीच.

डिसेंबर १९४४ मध्ये इम्फाळ येथे व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी स्लिम यांना सर हा किताब दिला. तोवर पुढची मोहीम सुरू झाली होती. मंडालेच्या उत्तरेस इरावती ओलांडण्याचा देखावा करीत स्लिम यांनी चौथी कोर गुप्तपणे दक्षिणेकडे नेली. शत्रूला फसविण्यासाठी या कोरचे खोटे बिनतारी संदेश जुन्याच ठिकाणाहून सुरू ठेवण्यात आले. मार्च १९४५ च्या प्रारंभी जपानी सैन्याचे रसदकेंद्र असलेले मेइक्टिला पडले, २० मार्च रोजी मंडाले मुक्त झाले आणि मेच्या प्रारंभी रंगून हाती आले. त्याआधी जानेवारीत, अराकानमधील कांगाव येथे, स्लिम यांनी पूर्वी नेतृत्व केलेल्या पंधराव्या कोरमधील थिमय्या, थोरात आणि सेन या भारतीय अधिकाऱ्यांनी आपापल्या बटालियनचे यशस्वी नेतृत्व केले होते.

१९४८ मध्ये स्लिम ब्रिटिश भूसेनेचे प्रमुख झाले. भारतीय सेनेतून या पदावर पोहोचलेले ते पहिलेच अधिकारी होते. १९४९ मध्ये त्यांना फील्ड मार्शलपद मिळाले. १९५३ ते १९६० या काळात ते ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जनरल होते. त्या काळात एका बालगृहातील मुलांशी त्यांनी गैरवर्तन केल्याचे आरोप त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी पुढे आले. न्यायालयात त्यांची शहानिशा झाली नाही. परंतु कॅनबेरातील एका रस्त्याला दिलेले त्यांचे नाव काढण्याचा निर्णय पुढे घेण्यात आला. ब्रह्मदेश मोहिमेवरील त्यांचा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. स्वतःच्या चुका सांगणाऱ्या मोजक्या सेनापतींच्या आठवणींत तो गणला जातो. १४ डिसेंबर १९७० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

ब्रिटनच्या राष्ट्रीय सेना संग्रहालयाने २०१३ मध्ये घेतलेल्या मतदानात इम्फाळ-कोहिमा ही ब्रिटनची सर्वश्रेष्ठ लढाई ठरली. इम्फाळजवळ २०१९ मध्ये जपानी संस्थेच्या सहकार्याने शांतता संग्रहालय उभे राहिले. कोहिमाच्या युद्ध स्मशानभूमीत १,४२० सैनिक चिरविश्रांती घेत आहेत आणि तेथील टेनिस मैदानाच्या रेषाही जपून ठेवण्यात आल्या आहेत. चौदाव्या सेनेच्या विजयाचे श्रेय स्लिम यांनी नेहमी आपल्या सैनिकांनाच दिले. ते सैनिक बहुतांशी भारतीय होते, ही गोष्ट या लढायांच्या स्मरणात विसरता येणार नाही.