पेनिसिलिन देणारा शेतकऱ्याचा पोरगा, आणि त्यानं दिलेला इशारा

कोल्हापूर : घसा दुखला की मेडिकलमध्ये जायचं, चार गोळ्या घ्यायच्या, दोन खाल्ल्यावर बरं वाटलं की उरलेल्या कपाटात ठेवायच्या. आपल्याकडं घरोघरी हे चालतं. पण ज्या माणसानं जगाला पेनिसिलिन दिलं, त्यानंच या सवयीबद्दल १९४५ मध्ये इशारा दिला होता. ते म्हणजे सर अलेक्झांडर फ्लेमिंग. ११ मार्च हा त्यांचा स्मृतिदिन.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ चा. स्कॉटलंडमधल्या डार्वेल गावाजवळ त्यांच्या घरची शेती आणि मेंढरं होती. सात वर्षांचे असताना वडील गेले. शाळेला रानातून चालत जावं लागायचं. पुढं भावाच्या आधारानं ते लंडनला गेले आणि जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनी करू लागले. विसाव्या वर्षी चुलत्याच्या वारशातून थोडे पैसे मिळाले, तेव्हा कुठं डॉक्टरकी शिकता आली.

फ्लेमिंग यांच्या शेतकरी वडिलांनी लहान चर्चिलला बुडताना वाचवलं, म्हणून चर्चिलच्या बापानं शिक्षणाचा खर्च केला, असा मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतो. ती गोष्ट खोटी आहे. स्वतः फ्लेमिंग यांनीच ती नाकारली होती.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समधल्या लष्करी दवाखान्यात होते. गोळीनं न मेलेले सैनिक जखम चिघळून मरताना त्यांनी पाहिले. वरून लावायची जंतुनाशकं खोल जखमेत जंतूंपेक्षा शरीराच्या पांढऱ्या पेशींनाच जास्त मारत होती. जंतू मरेल पण माणसाला धक्का लागणार नाही, असं काही मिळतंय का, याचा शोध त्यांनी सोडला नाही.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर त्यांना जंतू वाढवायच्या एका बशीत बुरशी आलेली दिसली. शिळ्या भाकरीला येते तशीच म्हणा. दुसऱ्या कुणी बशी धुऊन टाकली असती. फ्लेमिंग यांनी निरखून पाहिलं, तर बुरशीच्या भोवतीचे जंतू विरघळले होते. बुरशीतल्या त्या रसाला त्यांनी पेनिसिलिन नाव दिलं. मात्र त्यातून शुद्ध औषध त्यांना काढता आलं नाही. ते काम ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांच्या गटानं केलं. १९४१ मध्ये जखम चिघळलेल्या एका पोलिसाला ते दिलं, तो सुधारू लागला, पण औषध संपलं आणि आजार उलटून तो दगावला. १९४५ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं.

नोबेलच्या भाषणात फ्लेमिंग यांनी एक कल्पित प्रसंग सांगितला. एक माणूस घसा दुखतो म्हणून आपल्या मनानं पेनिसिलिन घेतो, तेही अपुरं. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, आता औषध चालत नाही आणि ती मरते. चूक एकाची, जीव गेला दुसऱ्याचा.

झालंही तसंच. काही वर्षांतच लंडनच्या दवाखान्यांत पेनिसिलिनला दाद न देणारे जंतू सापडू लागले. त्याच काळात, १९५४ मध्ये, आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि हे औषध आपल्या गोरगरिबांपर्यंत पोचण्याची वाट झाली. ११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग लंडनमध्ये वारले.

आज हा प्रश्न माणसांपुरता राहिलेला नाही. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यातून अँटिबायोटिक दिलं, की त्यांच्या आतड्यात चिवट जंतू तयार होतात. कापताना ते मटणा-चिकनला लागतात. दोन जातींचे जंतू ही ताकद एकमेकांना देऊही शकतात. म्हणूनच शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या कोलिस्टिन या औषधावर भारत सरकारनं २०१९ मध्ये जनावरं-कोंबड्यांसाठी बंदी घातली.

रविवारचा तांबडा-पांढरा सोडायची गरज नाही. चांगलं शिजवलं की जंतू मरतात. धोका कच्च्या मटणाच्या सुरीचा, पाटाचा आणि हाताचा. त्याच सुरीनं कांदा-कोथिंबीर चिरू नका, हात साबणानं धुवा. म्हशीला दगडी झाली आणि इंजेक्शन दिलं, तर जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलेले दिवस दूध डेअरीला घालू नका. आणि गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. साध्या सर्दीला ही औषधं लागू पडत नाहीत.

शेतकऱ्याच्या त्या पोरानं जे सावध केलं, ते आपल्या कपाटातल्या अर्ध्या पट्टीलाही लागू आहे. एकदा उघडून बघा.