निराश्रितांची माउली : पंडिता रमाबाई

ज्यांनीं पुढें हजारों निराश्रित स्त्रियांना घर दिलें, त्या पंडिता रमाबाईंना बाळपणीं स्वतःचें घर नव्हतें. १८५८ सालीं सह्याद्रींतील गंगामूळच्या अरण्यांत त्यांचा जन्म झाला. त्या तान्ह्या असतांनाच वडील अनंतशास्त्री डोंगरे हे आश्रम सोडून सहकुटुंब तीर्थयात्रेस निघाले. देवळांत व घाटांवर पुराण सांगावें आणि श्रोते जें देतील त्यावर गुजराण करावी, असा त्यांचा क्रम होता. वाट हीच रमाबाईंची पाठशाळा. तेथेंच आई लक्ष्मीबाईंनीं त्यांना संस्कृत शिकविलें.

१८७४ च्या सुमारास दुष्काळांत मातापितर गेले. मागोमाग बहीणहि गेली. भाऊ श्रीनिवासशास्त्री यांच्यासह भटकत रमाबाई १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथें त्यांची विद्वत्ता पाहून पंडितांनीं त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढें भाऊ वारला. १८८२ सालीं वैधव्य आलें. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८९ सालीं विधवांसाठीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें व लवकरच तें पुण्यास नेलें. मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाप पडते, या आक्षेपावरून १८९३ सालीं सल्लागार मंडळींनीं अंग काढून घेतलें. पुष्कळ पालकांनीं मुली परत नेल्या. तरी बाई डगमगल्या नाहींत.

१८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. तेथील शेंकडों अनाथ मुली त्यांनीं आणल्या व केडगांवीं ‘मुक्ति’ ही संस्था उभी केली. १९०० च्या सुमारास तेथील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

परंतु केवळ अन्न व छप्पर देऊन बाई थांबल्या नाहींत. दुष्काळानें त्यांचीं माणसें नेलीं, पण विद्या नेली नाहीं. आणि त्याच विद्येनें त्यांस तारलें होतें. म्हणून मुक्तींत सकाळ-सायंकाळ प्रार्थना होई, तसे विणकाम, शिवणकाम, तेलघाणी, छापखाना असे उद्योगहि चालत. अंध मुलींना रमाबाईंची कन्या मनोरमा ब्रेल लिपि शिकवी.

मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बाईंनीं बायबलाचें मराठी भाषांतर केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचा अंत झाला. १९२४ सालीं तें बायबल मुक्तीच्याच छापखान्यांतून बाहेर पडलें. त्याचे खिळे जुळविले ते तेथील स्त्रियांनीं. कधीं काळीं ज्यांना कोणी दारांत उभें करीत नव्हतें, त्यांच्याच हातून एवढा ग्रंथ सिद्ध झाला.

विद्यार्थिमित्रांनो, पुण्याहून दौंडकडे जातां केडगांव स्टेशन लागतें. मुक्तीचें कार्य तेथें आजहि चालूं आहे. सवड काढून तें अवश्य पाहावें.