वसाहतींचा हिशेब मांडणारा पंतप्रधान

संरक्षण खर्च दुप्पट करून तो सकल उत्पादनाच्या २ टक्क्यांवर नेण्याचे जपानने २०२२ मध्ये ठरवले, तेव्हा आम्हाला तान्झान इशिबाशी आठवले. १८८४ साली निचिरेन पंथाच्या बौद्ध धर्मगुरूच्या पोटी जन्मलेला हा माणूस पेशाने पत्रकार. सारा जपान साम्राज्याच्या नशेत असताना, १९२१ मध्ये त्यांनी ‘तोयो केइझाई’ या नियतकालिकात लिहिले, की कोरिया, तैवान, मांचुरिया सोडून द्या. नुसता उपदेश नव्हे, आकडे मांडले. कोरिया, तैवान आणि क्वांतुंगशी मिळून १९२० चा व्यापार सुमारे ९० कोटी येन; एकट्या अमेरिकेशी १४० कोटींच्या वर. मग या वसाहती राखायला एवढा फौजफाटा कशासाठी? सत्ताधाऱ्यांनी ऐकले नाही. १९४४ मध्ये त्यांचा मुलगा युद्धात मारला गेला.

डिसेंबर १९५६ मध्ये ते पंतप्रधान झाले. अमेरिकेच्या दावणीला न बांधून घेता चीनशी संबंध जोडायचे त्यांच्या मनात होते. आजारपणामुळे दोनच महिन्यांत पद सोडावे लागले. जागी आले नोबुसुके किशी, म्हणजे १९४१ चे युद्ध पुकारणाऱ्या मंत्रिमंडळातले मंत्री! आम्ही याला जपानचे दुर्दैवच म्हणू. १९६० चा अमेरिकेशी सुरक्षा करार किशींनीच प्रचंड जनविरोध डावलून रेटला. इशिबाशी मात्र १९५९ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, पेकिंगला जाऊन चौ एन लाय यांना भेटले. १९७२ मध्ये जपान-चीन संबंध जुळले. पुढच्याच एप्रिलमध्ये इशिबाशी वारले.